लॉट नंबर लिहिलास का?

माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तपासणी विभागात होते. कारखाना १८६९ सालचा, आणि आमच्या घरातली शिस्तही साधारण त्याच काळातली. कामाबद्दल बाबा घरी अवाक्षर काढत नसत. त्यामुळे बंदुकीच्या गोळीशी माझी ओळख त्यांच्यामुळे झाली नाही. ती झाली कॉलेजात असताना, एनसीसीच्या कँपमध्ये. पॉइंट टू-टूची, म्हणजे ०.२२ इंच जाडीच्या गोळीची रायफल, ओल्या मातीवर पालथं पडून पाच गोळ्या, आणि झाडून झाल्या की पाच रिकाम्या पुंगळ्या मोजून हवालदाराच्या हातात. एकदा माझी एक पुंगळी गवतात हरवली, तर सगळी तुकडी अर्धा तास उकिडवी बसून गवत विंचरत होती. त्या दिवशी मित्रांनी मला जे काही ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही.

पुढे नोकरी, अमेरिका, टेक्सास. ऑस्टिनच्या उत्तरेला गावाबाहेर अडीच एकराचा तुकडा, त्यावर घर, बायकोच्या हौसेच्या नऊ कोंबड्या आणि एक मुलगी. त्या पॉइंट टू-टूचा विषय पुन्हा निघाला तो वीसेक वर्षांनी, २०२१च्या फेब्रुवारीत.

ते वादळ इकडच्या कुणी विसरलेलं नाही. १५ फेब्रुवारीच्या पहाटे वीज गेली. पारा उणे दहाच्याही खाली. राज्यभरात पंचेचाळीस लाखांहून जास्त घरं अंधारात होती आणि सरकारी मोजदादीप्रमाणेच २४६ माणसं गेली. आमची विहीर विजेच्या पंपावर, म्हणजे पाणीही बंद. चौथ्या दिवशी बर्फ वितळवून केलेल्या पाण्यात खिचडी शिजवताना बायको म्हणाली, "आजीच्या घरी पावसाळ्याआधी चार महिन्यांची बेगमी असायची. आपल्याकडे दोन लाखांचा टीव्ही आहे आणि चार दिवसांचं पाणी नाही."

वीज आल्यावर आम्ही यादी केली. पाण्याच्या टाक्या, जनरेटर, तांदूळ-डाळ, औषधं, कंदील. शेजारी एक निवृत्त गुरांचे डॉक्टर राहतात, वय अठ्ठ्याहत्तर. बायकोने त्यांचं नाव काउबॉय काका ठेवलंय. त्यांनी यादी वाचली, मान डोलावली आणि विचारलं, "आणि साप आला तर? कोंबड्यांवर रॅकून आला तर? रस्ते बंद असताना?"

पुढचं सांगण्याआधी एक गोष्ट, कारण आपल्याकडून येणाऱ्या मुलांना ती कुणी सांगत नाही. एच-वन-बी व्हिसावर असताना बंदूकच काय, एक काडतूस जवळ बाळगणंही अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. शिकारीचा परवाना वगैरे थोडे अपवाद आहेत, पण मित्राबरोबर रेंजवर सहज जाऊन आलो असं म्हणणाऱ्याने आधी तो कायदा वाचावा. ग्रीन कार्ड आलं की हे बंधन सुटतं. माझं येऊन दोन वर्षं झाली होती. त्यापुढे राज्याराज्याचे नियम वेगळे: टेक्सासात वयाचा पुरावा पुरतो, इलिनॉयमध्ये राज्याने दिलेलं शस्त्रधारकाचं ओळखपत्र लागतं, न्यू यॉर्कमध्ये २०२३पासून काडतुसं घेतानाही तुमची पार्श्वभूमी तपासतात.

काकांचा सल्ला ठाम होता. पहिली रायफल पॉइंट टू-टूचीच. धक्का जवळजवळ नाही, आवाज कमी, गोळी स्वस्त आणि चिमूटभर. "मोठ्या बंदुका भिंतीवर शोभतात," ते म्हणाले, "ही झिजते." रानडुकरासमोर तिचा काही उपयोग नाही हेही त्यांनी तेव्हाच सांगून टाकलं. मी रूगरची टेन-ट्वेंटी-टू घेतली. १९६४पासून निघणारी, दहा गोळ्या मावणारी गोल डबी, म्हणजे मॅगझिन असलेली, इथे घरोघरी दिसणारी रायफल. नंतर बायकोसाठी एक बोल्ट-ॲक्शन आली, दर गोळीला हाताने बोल्ट, म्हणजे नळीमागचा सरकता तुकडा, ओढायची. तिचा नेम माझ्यापेक्षा चांगला आहे. हे मी नाइलाजाने लिहितोय, कारण ती हे वाचणार आहे.

रायफल मिळाली, गोळ्या मिळेनात. करोनाचं दुसरं वर्ष. दुकानातले काडतुसांचे रॅक दिवाळीनंतरच्या फटाक्यांच्या स्टॉलसारखे रिकामे. पहाटे रांग लावली तर माणशी एक खोकं. काकांना यात नवल नव्हतं. २०१२च्या डिसेंबरात कनेटिकटमधल्या शाळेत गोळीबार झाला, आता कायदे कडक होणार या धास्तीने लोक दुकानांवर तुटून पडले आणि सगळ्यात स्वस्त, सगळीकडे पडून असणारी पॉइंट टू-टूच बाजारातून गायब झाली. पुढची दोन-तीन वर्षं ती सहज मिळत नव्हती. कांद्याचे भाव चढणार म्हटल्यावर आपल्याकडे जसे लोक पोती उचलतात, तसंच. टंचाई जेवढी कारखान्यात होते तेवढीच लोकांच्या माळ्यावरही होते.

हे ऐकून शहाणं व्हायचं, तर मी त्याच पोतीवाल्यांत सामील झालो. एका शनिवारी बंदुकांच्या जत्रेत गेलो. इथे त्याला गन शो म्हणतात. मोठ्या हॉलमध्ये टेबलं मांडलेली, चाकू, टोप्या, सुकवलेलं मांस आणि मधेच दारूगोळा. एका टेबलावर कॉफीचा पत्र्याचा मोठा डबा होता, काठोकाठ सुट्या पॉइंट टू-टू भरलेला. "हजारभर असतील," विकणारा म्हणाला. गोळीला अठरा सेंट पडले. शांत काळात चांगल्या खोक्यातली गोळी यापेक्षा कितीतरी स्वस्त मिळते. पण मला तेव्हा लॉटरी लागल्याचा आनंद झाला होता.

डबा घरी आणला. काही गोळ्यांच्या पितळेवर हिरवट डाग, काहींच्या शिशावर पांढरी पूड. आता हे आणखी बिघडू नये म्हणून मी काय केलं, तर शिलाई मशीनचं तेल फडक्याला लावून सगळ्या गोळ्या पुसल्या. दोन संध्याकाळी गेल्या. मग डबा गॅरेजमधल्या फळीवर ठेवला. टेक्सासातलं गॅरेज उन्हाळ्यात म्हणजे बेकरीची भट्टी. जूनपासून सप्टेंबरपर्यंत डबा तिथेच होता.

ऑक्टोबरात काकांबरोबर रेंजवर गेलो. पहिल्या पन्नासात अकरा फुसक्या निघाल्या. चाप ओढला की नुसतं टक्. अशा वेळी रायफल लगेच उघडायची नसते. नळी निशाण्याकडेच धरून तीस सेकंद तरी थांबायचं, कारण कधी कधी दारू उशिरा पेट घेते. अकरा वेळा तीस सेकंद. शेजारच्या बाकावरचा मुलगा जांभया देऊ लागला.

मग ती एक आली. आवाजच झाला नाही म्हणावं असा आवाज. फुस्स. माझ्या रायफलीत दर गोळीला आपोआप मागे येणारा बोल्ट मागे आलाच नाही. माझा हात सवयीने बोल्टकडे गेला, पुढची गोळी चढवायला. काकांनी माझं मनगट धरलं. त्या वयाच्या माणसाच्या हातात एवढी ताकद असेल असं मला वाटलं नव्हतं. रायफल रिकामी करवली, खोलून नळी उजेडाकडे धरायला लावली. पलीकडचा उजेड दिसेना. दारू धड पेटली नव्हती आणि गोळी नळीतच मधे अडकून बसली होती. तिच्यामागे मी दुसरी झाडली असती तर नळी फुगली असती, कदाचित फाटली असती, आणि माझा गाल तिच्या लाकडाला टेकलेला होता.

गावातल्या बंदूक दुरुस्तीवाल्याने पितळी सळई घालून, हळूहळू ठोकून ती गोळी बाहेर काढली. पंचवीस डॉलर घेतले.

त्या रात्री मी बाबांना फोन लावला. निवृत्त होऊन त्यांना तेरा वर्षं झाली होती. मी सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही, आणि त्यावरूनच मला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

"तेल लावलंस? काडतुसाला?"

"गंजू नये म्हणून."

"पितळ गंजत नाही रे, कळकतं. तुझी आजी पितळेच्या पातेल्यात आमटी का ठेवत नसे? आणि तेल आत झिरपतं. बरं, लॉट नंबर काय होता?"

"कॉफीच्या डब्यात सुट्या होत्या, बाबा."

लॉट नंबर म्हणजे एका खेपेत बनलेल्या मालाचा क्रमांक. तो खोक्यावर असतो, आणि माझ्याकडे खोकंच नव्हतं. थोडा वेळ फोनवर काही आलं नाही. मग ते म्हणाले, "म्हणजे पैसे देऊन भंगार घेतलंस."

त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी गोळीबद्दल बोलायला सुरुवात केली ती त्या रात्री. मोठ्या काडतुसाच्या बुडात मधोमध एक वेगळी टोपी बसवलेली असते, तिच्यात ठिणगी पाडणारा मसाला. पॉइंट टू-टूला अशी टोपी नसते. तिच्या पातळ पितळी कवचाची बुडाची कड बाहेर दुमडून पोकळ केलेली असते आणि मसाला त्या कडेत असतो. तो ओला असताना थेंबभर घालतात, कारण ओला असताना तो सुरक्षित असतो. मग गरगर फिरवून कडेत पसरवतात आणि वाळवतात. वाळल्यावर तो जिवंत. रायफलची सुई ती कड चिमटते आणि मसाला पेटतो. आता फिरवताना कडेत कुठे जागा रिकामी राहिली आणि नेमकी तिथेच सुई पडली, तर टक्. म्हणून तीस सेकंद थांबून तीच गोळी जरा फिरवून पुन्हा लावली तर पुष्कळदा उडते.

"आणि पुढचं शिसं बघ," बाबा म्हणाले. मी टेबलावर एक घेऊन बसलो होतो. या गोळीचं शिसं कवचात खोल रुतलेलं नसतं. मागची बारीक टाच तेवढी आत, बाकीचं कवचाच्याच जाडीचं, बाहेर उघडं, त्यावर मेणाचा किंवा वंगणाचा हात. कवचाची कड शिशाला अगदी हलकी दाबलेली. तिथून ओल जाते, तेल जातं. गॅरेजच्या उन्हात मेण पाघळतं, त्याला धूळ चिकटते. शिवाय या गोळीची रिकामी पुंगळी सहसा घरी पुन्हा भरता येत नाही. कड एकदा चेपली की संपली. म्हणजे साठवायची तर नवीच, आणि बिघडू न देता.

कॉफीचा डबा मी रेंजवाल्यांच्या निकामी काडतुसांच्या पेटीत रिकामा केला. एकशे ऐंशी डॉलर. बायकोने आकडा विचारला, मी सांगितला, तिने पुढे काही विचारलं नाही. तेही एक प्रकारे विचारणंच होतं.

निवड करायला पुढचा हिवाळा लागला, कारण बाजारात माल हळूहळूच येत होता. मी सहा प्रकार जमवले, प्रत्येकी निदान शंभर. काकांच्या कुरणात पन्नास यार्डांवर कागद लावला, रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवली आणि दहा-दहाच्या फैरी झाडल्या. बाबांच्या सांगण्यावरून एक वही केली: तारीख, हवामान, कंपनी, लॉट नंबर, फुसक्या किती, अडकल्या किती, कागदावरचं सगळ्यात लांबचं अंतर किती.

माझी समजूत होती की महाग ती चांगली. स्पर्धेसाठीची एक महागडी जात बायकोच्या रायफलीतून सुरेख गेली, पण माझ्या रायफलीत तिच्या मेणाने असा चिकटा धरला की दर दुसऱ्या मॅगझिनला गोळी तिरकी होऊन अडकायची. पाचशे सुट्या गोळ्यांचं खोकं घेतलेल्या एका स्वस्त जातीने शंभरात चार फुसक्या दिल्या आणि कागदावर बशीएवढा पसारा केला. तीच जात काकांच्या जुन्या रायफलीत बरी चालते. म्हणजे दोष पूर्ण गोळीचा नाही, रायफलीचीही आवडनिवड असते. लोकांना कुठली आवडते हे विचारून फार उपयोग होत नाही. आपल्या रायफलीला विचारावं लागतं, आणि तिला विचारायचा एकच मार्ग आहे.

शेवटी दोन उरल्या. दोन्ही सीसीआय या कंपनीच्या, आयडाहो राज्यातल्या लुइस्टनच्या. बोल्ट-ॲक्शनसाठी स्टँडर्ड व्हेलॉसिटी: ४० ग्रेनचं, म्हणजे अडीच ग्रॅमच्या जरा वरचं शिसं, सेकंदाला १,०७० फूट. हा वेग आवाजाच्या वेगापेक्षा, म्हणजे साधारण १,१२५ फुटांपेक्षा कमी, म्हणून हवेत तडाखा नाही आणि कोंबड्या बिचकत नाहीत. पन्नास यार्डांवर बायकोच्या दहा गोळ्या रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या गेल्या. माझ्या रूगरसाठी मिनी-मॅग: तेवढंच वजन, पण १,२३५ फूट आणि शिशावर तांब्याचा मुलामा. जोर जास्त म्हणून बोल्ट दर वेळी पूर्ण मागे येतो, आणि मुलाम्यामुळे हाताला शिसं कमी लागतं. तांब्या-पितळेच्या भांड्याला कल्हई असते तसा हा प्रकार, फक्त इथे तांबंच कल्हईच्या जागी. दोन्हीत गोल टोकाचीच घेतली. पोकळ टोकाच्या गोळीचं मऊ शिसं डब्यात आदळून चेपतं आणि मग ती मॅगझिनमधून वर चढताना अडखळते, निदान माझ्या रायफलीत तरी.

किती घ्यायच्या, यावर घरात जास्त चर्चा झाली. इथे दहा-दहा हजारांच्या गप्पा मारणारे लोक आहेत. पण त्यातल्या पुष्कळांना आपण महिन्याला किती झाडतो हे सांगता येत नाही. वहीत बघितलं तर आमच्या दोघांच्या मिळून महिन्याला दीडशे होत होत्या, वर्षाला अठराशे. एक वर्षाचा सराव आणि वर आणखी एक वर्ष बाजार बंद, असं धरून ३,६०० ठरल्या. एक गोळी तीन-साडेतीन ग्रॅमची, म्हणजे सगळ्या मिळून बारा किलोच्या आसपास. तांदळाचं एक मध्यम पोतं. एकदम नाही घेतल्या. दर महिन्याला वापरापेक्षा दोनशे जास्त, आणि एका प्रकाराच्या होता होईल तेवढ्या एकाच लॉटच्या. दीड वर्षात आकडा गाठला आणि थांबलो. थांबणं अवघड गेलं हे कबूल करतो. मधे एकदा फार स्वस्त मिळत होत्या आणि माझा हात शिवशिवला होता.

साठवणीसाठी लष्कराचे जुने पत्र्याचे डबे घेतले, झाकणाला रबरी गॅस्केट असलेले. दिसायला चारही सारखेच. बाबांनी तपासायची रीत सांगितली: आत कोरडा वर्तमानपत्राचा कागद ठेव, झाकण लाव, वर वजन ठेवून रात्रभर पाण्यात बुडव. आमच्या अंघोळीच्या टबात चार डबे एक रात्र होते. सकाळी तिघांतला कागद कुरकुरीत, चौथ्यातला लगदा. त्याचं गॅस्केट एका कोपऱ्यात चपटं झालं होतं. चौथ्यात आता कोंबड्यांचं खाद्य आहे.

गोळ्या खोक्यातून काढल्या नाहीत. खोकी फेकून सुट्या ओतल्या की जास्त मावतात हे खरं, पण लॉट नंबर खोक्यावर असतो. शिवाय सुट्या गोळ्या एकमेकींवर घासून मेण जातं. प्रत्येक डब्यात बाराशे, म्हणजे चार किलोचा भार, बायकोला एका हाताने उचलता येईल एवढा. सोबत रंग बदलणारी सिलिका जेलची डबी, ओल शोषून शोषून रंग बदलला की ओव्हनमध्ये तापवून पुन्हा वापरायची, आणि आर्द्रता दाखवणारं एक छोटं कार्ड.

डबे आता घराच्या मधल्या बोळातल्या कपाटात आहेत, जमिनीलगत, जिथे बाहेरची भिंत नाही आणि एसी वर्षभर फिरतो. माळ्यावर नाही, गॅरेजमध्ये तर नाहीच. उन्हासारखाच गोळीला वाईट असतो तो दिवसरात्रीचा चढउतार. एक चूक मी इथेही केली. ऑगस्टमध्ये एसीतला गार डबा उचलून थेट अंगणात नेला आणि उघडला. उसाच्या रसाच्या गार पेल्याला बाहेरून घाम सुटतो तसा पितळेला दव धरला. आता डबा बाहेर नेला तर तासभर बंदच ठेवतो, ऊब आली की मग उघडतो. शक्यतो घरातच लागतील तेवढ्या काढून घेतो.

कपाटाला कुलूप आहे. रायफली वेगळ्या तिजोरीत, दुसऱ्या खोलीत. मुलगी बारा वर्षांची. सतरापेक्षा लहान मुलाच्या हाती भरलेलं शस्त्र लागेल असं ठेवणं हा टेक्सासात गुन्हा आहे, पण कायदा नसता तरी कुलूप असतंच. तिला काय आहे, कुठे आहे, हे सगळं ठाऊक आहे. किल्ली तेवढी ठाऊक नाही. गोळ्या हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल नाही. शिसं पोटात गेलेलं चालत नाही, आणि आमच्याकडे येता-जाता शेव तोंडात टाकायची सवय सगळ्यांना आहे.

२०२३च्या डिसेंबरात पुण्याला जायचं ठरलं. बॅगा भरताना लॅपटॉपच्या बॅगेच्या अस्तरात काहीतरी टोचलं. खालच्या शिवणीत एक छोटं भोक होतं, त्यातून बोट घातलं तर बाहेर आली एक मिनी-मॅग. कधीतरी घाईत रेंजवर तीच बॅग नेली होती. मी पलंगावर बसलोच. एक जिवंत काडतूस घेऊन मुंबईच्या विमानतळावर उतरलो असतो तर १९५९च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल झाला असता, चुकून राहिलं असलं तरी. मुद्दाम बाळगलं नव्हतं असं पटल्यावर कोर्टं असे गुन्हे रद्द करतात, पण तोवर सुट्टी, पासपोर्ट आणि वडिलांचा रक्तदाब यांचं काय झालं असतं ते मला कल्पनेतही नको. तेव्हापासून रेंजची बॅग भडक केशरी आहे, ती गॅरेजमध्ये लटकते आणि कुठल्याही प्रवासाला येत नाही.

पुण्यात बाबांना मी ही गोष्ट सांगितली नाही. वही मात्र दाखवली. त्यांनी चष्मा लावून पहिल्या पानापासून वाचली आणि दोन ठिकाणी पेन्सिलने खूण केली. "इथे तापमान लिहायचं राहिलंय."

पुढच्या वर्षी, १ ऑगस्टला, कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला ब्राँझ जिंकलं. ५० मीटर रायफल, तीन पोझिशन. पुण्याहून बाबांचा फोन. ते आनंदात होते, पण त्यांचा मुद्दा वेगळाच होता. "ती आपलीच गोळी ना रे? पॉइंट टू-टू?" हो म्हटलं. आणि मग मी वाचलेलं सांगितलं, की या पातळीचे नेमबाज एकाच कंपनीच्या एकाच जातीचे वेगवेगळे लॉट स्वतःच्या रायफलीतून झाडून बघतात आणि जो सगळ्यात बरा बसेल तोच साठवून ठेवतात. फोनवर त्यांचं समाधान ऐकू येत होतं. "मग? मी काय म्हणत होतो?"

तेव्हापासून दर सहा महिन्यांनी, दिवाळी आणि अक्षय्य तृतीयेच्या आगेमागे, आमची तपासणी असते. प्रत्येक लॉटच्या पन्नास झाडायच्या, सगळ्यात जुन्या आधी. जेवढ्या गेल्या तेवढ्या नव्या भरायच्या. झाकणं उघडून आर्द्रतेचं कार्ड बघायचं, गॅस्केटवर बोट फिरवायचं. मिनी-मॅगच्या पहिल्या लॉटमध्ये आजवर साडेतीनशेत एक फुसकी, तीही फिरवून लावल्यावर उडाली. मग व्हिडिओ कॉल. मी प्रत्येक डब्यातल्या गोळ्यांची नोंद वाचतो आणि बाबा खडकीत बसून स्वतःच्या वहीत लिहून घेतात. दुसरी प्रत असावी म्हणे.

गेल्या दिवाळीत मी तिसऱ्या डब्याची नोंद वाचली. अकराशे पन्नास.

"बाराशे," बाबा म्हणाले.

"अकराशे पन्नास आहेत बाबा, आत्ताच मोजल्यात."

"अक्षय्य तृतीयेला बाराशे होत्या, आणि त्यानंतर या डब्याला हात लावला नाही असं तूच दोन मिनिटांपूर्वी म्हणालास. पन्नास कुठे गेल्या?"

मी कपाट पुन्हा उघडलं, तिन्ही डबे जमिनीवर रिकामे करून मोजले. बायकोला विचारलं. मुलीकडे न बघितल्यासारखं करून बघितलं, आणि तिने तिच्या आईकडे. मग गॅरेजमध्ये गेलो. केशरी बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात सील न उघडलेलं पन्नासचं खोकं होतं. जुलैत कधीतरी मीच काढलं होतं, पाऊस आला म्हणून बेत रद्द झाला, आणि गॅरेजच्या उन्हात ते तीन महिने बसलं होतं.

फोन अजून चालू होता. पडद्यावर बाबांचं अर्धं कपाळ आणि छताचा पंखा.

"सापडलं," मी म्हणालो.

"डब्यात परत टाकू नकोस ते. उन्हात राहिलंय, आधी ते संपव," ते म्हणाले. "आणि लॉट नंबर सांग, लिहितो."